उत्तनच्या ओट्यावरचं खातं

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. नवरा म्हणतो, आई म्हणते, पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा म्हणतो — आणि खोटं नाही ते. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा फ्लॅट विकला गेला, मला दुपारी कळलं की संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालेलं असतं. पण एक गोष्ट आत राहिली. चांगली बूड टेकून राहिली. ती मी नवऱ्याला सांगितली नाही, आईला सांगितली नाही, बाबा होते तोवर बाबांनाही सांगितली नाही. बाबांना तर नाहीच नाही.

तुम्हाला सांगते. तुम्ही ऐकून काय करणार? काहीच नाही. तेच बरं आहे.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एका ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटसाठी काम करते. नाव नको. जगभरातले लोक तिथे येऊन एकमेकांशी खेळतात, आणि जिथे चार माणसं खेळायला बसतात तिथे एक लबाडी करणारा असतोच. हल्ली लबाडी सोपी झालीय. एका हातातल्या फोनवर खेळायचं, दुसऱ्या हातातल्या फोनवर इंजिन लावायचं — म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, जो कुठल्याही माणसाहून भारी खेळतो — त्याला प्रत्येक चाल विचारायची आणि ती आपली म्हणून खेळायची. अशा लोकांना पकडून त्यांची खाती बंद करणाऱ्यांत मी आहे. 

आणि मी या कामात चांगली आहे. उगाच नम्रपणा मला जमत नाही, आणि इथे तर तो अजिबातच नको. नवीन माणसांना शिकवायचं असलं की माझ्याकडे पाठवतात. माझा निकाल फिरला, असं तोवर झालेलं नव्हतं. 

लोकांना वाटतं, खातं बंद करायचं की नाही हे कॉम्प्युटर ठरवतो. छे! कॉम्प्युटर फक्त बोट दाखवतो — या खात्यात काहीतरी गडबड वाटतेय, बघा. मग बघायचं माणसाने. काय बघायचं? एक म्हणजे चाली इंजिनच्या चालींशी किती जुळतात. पण नुसतं तेवढं बघून कोणाला बाहेर काढणारा माणूस गाढव समजावा. वेळ बघायचा. समोरच्याने तुमचा घोडा मारला आणि तुम्हाला त्याचा घोडा मारायचाय, यात विचार करण्यासारखं काय आहे? माणूस ती चाल पटकन खेळतो. आणि अवघड जागी डोकं धरून बसतो. लबाडी करणाऱ्याला मात्र सोप्या चालीलाही तेवढाच वेळ लागतो आणि अवघड चालीलाही तेवढाच, कारण प्रत्येक वेळी त्याला दुसऱ्या फोनकडे जाऊन यायचं असतं. आणि तिसरं — चुका. चुका कुठे होतात, कशा होतात, हे बघायचं. खरं सांगायचं तर मी चुकांवरूनच माणूस ओळखते.

हे सगळं बघून मी टिपण लिहायचं, सोबत नमुन्याचे डाव जोडायचे. दुसऱ्या एका सहकाऱ्याने ते वाचून होकार द्यायचा. मग खातं बंद. खेळणाऱ्याला एक ईमेल जातो की तुम्ही नियम मोडलात, पण आम्हाला ते कसं कळलं हे सांगू शकत नाही. हे लोकांना फार लागतं. पण सांगितलं तर पुढचा चोर शहाणा होईल, म्हणून सांगत नाही, आणि ते मला आजही बरोबर वाटतं. खात्यावर एक लाल शेरा लागतो — लबाडीमुळे बंद. तो कायम राहतो, आणि कोणालाही दिसतो.

आता उत्तन.

माझे बाबा पालिकेच्या पाणीखात्यात होते, आणि त्यांच्याबरोबर पास्कू काका होते. काका उत्तनचे, समुद्राकाठच्या गावातले जुने ख्रिस्ती. आम्ही कोकणातून आलेले, बौद्ध. दोघांची मैत्री कशी झाली ते दोघांनाच माहीत, पण घट्ट होती. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की बाबा मला घेऊन बसने उत्तनला जायचे. तोवर काकांची मिस, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, आटोपलेली असायची. काकांच्या घराला मोठा ओटा होता आणि त्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. मी बुद्धिबळ तिथे शिकले. जे काही मी आज आहे, त्याची सुरुवात त्या ओट्यावर झाली, हे मी नाकारत नाही — आणि हेच तर अडचणीचं आहे.

त्या ओट्याची एक रीत होती. खेळायला दोघं बसायचे, पण खेळायचा सगळा ओटा. एक जण प्यादं उचलणार, तर दहा जण सांगणार — ते नको, हे घे, अरे उंटाकडे बघ, तुझा वजीर गेला ना बाबा! आतून मेरी काकूसुद्धा ओरडून चाल सांगायच्या, पट न बघता. यात लबाडी आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. उलट जो कोणाचं न ऐकता एकटाच खेळेल तो शिष्ट. काकांची आपली एक ठरलेली चाल होती. डाव सुरू झाला रे झाला की राजाच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवायचे. काही गरज नसायची. "खिडकी उघडून ठेवलेली बरी," म्हणायचे. मी पुढे पुस्तकं वाचून त्यांना पटवायचा प्रयत्न केला की ही चाल वाया जाते. त्यांनी ऐकलं नाही.

ओट्यावरचा सगळ्यात भारी खेळणारा म्हणजे डॉमनिक काका. पास्कू काकांचे लहानपणापासूनचे दोस्त. लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. स्वतः पटावर क्वचितच बसायचे, उभ्यानेच बघायचे आणि मध्येच एखादी अशी चाल सांगायचे की सगळे गप्प. घोडा फुकट द्यायला तर त्यांना फार आवडायचं. घोडा देऊन टाकायचा आणि मग हल्ला. निम्म्या वेळा तो हल्ला फसायचा, पण फसायच्या आधी काय मजा यायची!

मग मी त्या ओट्यावर जाणं का सोडलं? 

सातवीत होते. गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वर्षाच्या सणाला, बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली होती. खरीखुरी स्पर्धा, कोणी बोलायचं नाही, सांगायचं नाही. शेवटचा डाव माझा आणि पास्कू काकांचा आला, आणि मी जिंकले. स्वच्छ जिंकले. आजही तो डाव मला पाठ आहे. काकांनी राजा आडवा केला, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कोण सांगत व्हता गो बाय तुला?"

सगळा मांडव हसला. बाबाही हसले. 

काका गंमत करत होते का? बहुतेक. माणूस हरला की असं काहीतरी बोलून बाजू सावरतो. पण मी सातवीत होते. माझी पहिली जिंकलेली गोष्ट होती ती — आणि ती माझी नाही, असं चारचौघांत ठरलं. आणि बाबांनी ते हसण्यावारी नेलं, त्याचा राग तर वेगळाच. दुसऱ्यांच्या गावात पाहुणा म्हणून गेलेला माणूस हसणारच, हे मला मोठी झाल्यावर कळलं. कळून राग गेला असं मात्र नाही. त्यानंतर रविवारी माझा अभ्यास निघायला लागला. बाबा एकटेच जायचे.

खूप वर्षं गेली. लग्न झालं, आईबाबांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर घर घेतलं, ही नोकरी लागली. घरूनच काम. आणि एका दुपारी कॉम्प्युटरने बोट दाखवलेलं एक खातं माझ्यासमोर आलं. खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं — उत्तनचा घोडा.

पहिलाच डाव उघडला. राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं, एक घर पुढे.

मी एकटीच मोठ्याने हसले. खरंच सांगते, त्या क्षणी मला फक्त आनंद झाला. आईकडून ऐकलं होतंच की काकांच्या नातीने त्यांना टॅबलेटवर बुद्धिबळ लावून दिलंय आणि ते दिवसभर त्यातच असतात. मी एकेक डाव बघत गेले आणि सगळा ओटाच माझ्यासमोर आला. इतर दिवशी खेळ बेताचा. रविवारी सकाळी मात्र एकदम तलवार. का? कारण मिस सुटल्यावर सगळे येत होते आणि डॉमनिक काका मागे उभे राहत होते. प्रत्येक चालीला सारखाच वेळ, सोपी असो की अवघड. का? कारण टॅबलेटच्या एवढ्याशा पडद्यावर सगळ्यांना दिसणार कसं? ते लाकडी पटावर डाव मांडत होते. समोरच्याची चाल आली की आधी ती लाकडी पटावर करायची, मग चर्चा, मग आपली चाल लाकडी पटावर, मग टॅबलेटवर. मी तिथे नव्हते, पण मला ते डोळ्यांनी बघितल्यासारखं कळत होतं. आणि रविवारचे डाव शेवटी शेवटी घाण व्हायचे. जिंकत आलेला डाव घालवायचे. कारण तोवर जेवायची वेळ झालेली असायची आणि माणसं एकेक करून घरी गेलेली असायची. इंजिनला काही भूक लागत नाही.

म्हणजे बघा — कॉम्प्युटरला जे दिसलं ते अगदी तंतोतंत लबाडीसारखं होतं. सुमार खेळणारा माणूस आठवड्यातून एकदा अचानक उस्ताद होतो, आणि प्रत्येक चालीला मोजून मापून सारखा वेळ घेतो. माझ्या जागी दुसरं कोणीही असतं तर फसलं असतं. मी फसले नाही. त्या साइटवर काम करणाऱ्या सगळ्या माणसांत एकटी मीच अशी होते, जिला खरं काय ते माहीत होतं.

मग मी काय करायला हवं होतं? दोन गोष्टी होत्या. खातं ओळखीच्या माणसाचं निघालं तर सांगून बाजूला व्हायचं, असा आमच्यात नियमच आहे. किंवा मग जे आहे ते लिहायचं — एका खात्यावर अनेक जण मिळून खेळतायत. तेही नियमात बसत नाही, पण त्याला ताकीद असते, समजावून सांगणारा ईमेल असतो. लाल शेरा नसतो. काकांनी तो ईमेल वाचून "काय मेल्यांचे कायदे" म्हटलं असतं आणि तिथेच विषय संपला असता.

मी लिहिलं — इंजिनचा वापर.

नुसतं लिहिलं नाही, नीट लिहिलं. काम मी नीटच करते. नमुन्याला रविवारचे डाव निवडले. जे शेवटी घाण झाले होते ते बाजूला ठेवले. डॉमनिक काकांचे फसलेले घोडे बाजूला ठेवले. जिथे जिथे माणूस दिसत होता, ते सगळं बाजूला ठेवलं. उरलं ते असं होतं की बघणाऱ्याला शंका यायला जागाच नको. बंगळुरूच्या सहकाऱ्याने टिपण वाचलं — खरं तर माझं नाव वाचलं — आणि होकार दिला.

का केलं मी हे? साहेबांचा दबाव होता असं सांगता आलं असतं. नव्हता. बढतीचं काही होतं का? नव्हतं. कामाच्या ओझ्यात चुकून झालं का? अहो, मी जिन्नस निवडावेत तसे डाव निवडत होते! कारण एकच होतं, आणि ते फार लहान आहे. काकांना एकदा कोणीतरी तो प्रश्न विचारावा, असं मला वाटलं — कोण सांगत होतं तुम्हाला? आणि तेव्हा त्यांच्यासोबत हसायला कोणी नसावं. बस. एवढंच.

खातं बंद केलं आणि चहा ठेवला. रात्री झोप लागली का? लागली. चांगली लागली. मला टोचणी वगैरे काही लागली नव्हती, हेही सांगायला हवं.

मग काका आले. 

थोड्याच दिवसांनी, उत्तनहून पेणकरपाड्यापर्यंत, त्या उन्हात. आईबाबांकडे आले आणि मला खाली बोलावून घेतलं. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, मला आवडतात म्हणून. इतक्या वर्षांनी त्यांच्या लक्षात होतं. काका थकले होते. शर्ट घामाने भिजलेला, पण शर्ट चांगला, मिसला घालायचा. त्यांना एवढंच माहीत होतं की बाबांची मुलगी कॉम्प्युटरच्या बुद्धिबळाचं काम करते. कुठल्या साइटचं, ते त्यांना माहीत नव्हतं आणि बाबांनाही नीटसं माहीत नव्हतं. नातीच्या मैत्रिणींनी तो लाल शेरा बघितला होता. गावात झालं होतं. या फेस्ताला स्पर्धेचे पंच म्हणून काकांना बोलवायचं ठरलं होतं, ते आता बारगळलं होतं. पोरं येताजाता चीटर अंकल म्हणत होती. 

"मी न्हाय केलं गो बाय," ते म्हणाले. "तू सांग त्यांना. तुजं ऐकतील."

तुम्हाला वाटेल, इथे मला पाझर फुटला असेल. फुटला. खोटं का बोलू — त्या बोंबलांच्या पिशवीनेच फुटला. त्याच क्षणी मी आत जाऊन लॅपटॉप उघडला असता, एक ओळ लिहिली असती की माझ्याकडून चूक झाली, तर सगळं फिरलं असतं. पण बाबा समोर बसले होते. बाबा माझ्याकडे असे बघत होते की आता माझी मुलगी बघा कसं सोडवते. आणि मी म्हटलं, "काका, तिथे माणूस नसतोच. कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हंजे कॉम्पुटरला दिसला?"

"हो."

बाबांनी मान हलवली. आपल्या मुलीला यातलं सगळं कळतं, अशी ती मान होती.

इथवर जे केलं ते काकांशी केलं, जुना हिशेब म्हणा. पण या एका वाक्याने काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही. मी स्वतःला फार हुशार समजते, आणि मला कळलं नाही. काका मनातल्या मनात हिशेब मांडत असणार. माणूस खोटं बोलेल, माणसाचा राग असेल, पण कॉम्प्युटरचं तसं काय असणार? कॉम्प्युटरला दिसलं म्हणजे काहीतरी झालं असणार. मी तर केलं नाही. मग केलं कोणी?

डॉमनिक काकांचा मुलगा बोटीवर कामाला होता, मोठ्या मालवाहू जहाजावर. त्याला रविवारी सवड असायची आणि तेव्हा तो मेसेज पाठवायचा. म्हणून डॉमनिक काका रविवारी ओट्यावर उभे असताना सारखे फोन काढून बघायचे. फोन बघायचे, खिशात टाकायचे, आणि मध्येच एखादी अशी चाल सांगायचे की सगळे गप्प.

पुढचं मला आईकडून कळलं, आणि आईला मेरी काकूंकडून. पुढच्या रविवारी भर ओट्यावर पास्कू काकांनी डॉमनिक काकांना विचारलं की तू मोबाइलात बघून मला चाली सांगत होतास का. डॉमनिक काकांनी खिशातून फोन काढला, उघडून पटाच्या मधोमध ठेवला, आणि म्हणाले, "बघ." पास्कू काकांनी फोनला हात लावला नाही. बघायचं काय? कॉम्प्युटरने आधीच बघितलं होतं. डॉमनिक काकांनी जरा वाट बघितली, फोन उचलला आणि घरी गेले. त्यानंतर ते त्या ओट्यावर चढले नाहीत. 

आई हे सांगत होती आणि मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, "हो का?" 

त्याच संध्याकाळी मी ते सगळे डाव पुन्हा उघडले. डॉमनिक काकांची प्रत्येक चाल मला ओळखता येत होती. कुठे घोडा दिला, कुठे फसला. इंजिनने असा घोडा जन्मात दिला नसता. मी शपथेवर सांगू शकत होते की हा माणूस निर्दोष आहे. जगात दुसरं कोणी सांगू शकत नव्हतं, मी सांगू शकत होते. काकांना एक फोन करायचा — काका, डॉमनिक काकांनी काही केलेलं नाही. पण काका विचारणारच ना, तुला कसं माहीत? एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं. नोकरी जाणार होती, नाव जाणार होतं, आणि बाबांची ती हललेली मान. मी फोन केला नाही. भित्री होते म्हणून केला नाही. जी बाई दिवसभर बसून लोकांची लबाडी पकडते, नाकाने कांदे सोलते, ती घाबरली. 

काकांच्या नातीने इंग्रजीत अपील केलं होतं. ते दुसऱ्या कोणाकडे गेलं, त्याने माझं टिपण वाचलं आणि अपील फेटाळलं. माझा निकाल त्याही वेळी फिरला नाही.

मध्ये बाबा गेले. दोघंही आले होते. पास्कू काका एका टोकाला, डॉमनिक काका दुसऱ्या टोकाला. आई रडता रडताही म्हणाली, बघ, हे दोघं आता एकत्र बसतसुद्धा नाहीत. तेव्हा तरी सांगायचं होतंस, असं तुम्ही म्हणाल. बाबा तर आता नव्हते, मान हलवायला कोणी नव्हतं. बरोबर आहे. मग का नाही सांगितलं? सवय झाली होती, एवढंच म्हणता येईल.

या वर्षी डॉमनिक काका गेले. झोपेतच गेले. मी आईला घेऊन उत्तनला गेले. त्यांच्या बँडवाल्यांनी पुढे राहून संथ सूर वाजवत त्यांना नेलं. सगळं गाव होतं. शवपेटी खड्ड्यात उतरवली, आणि रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकत होता. 

पास्कू काका पुढे गेले नव्हते. कब्रस्तानच्या फाटकाशी उभे होते, भिंतीला टेकून. आता खूप म्हातारे झालेत. मला बघून त्यांनी डाव्या हाताने बोलावलं. उजवी मूठ बंद होती. माती घेतलेली होती त्यांनी, घेऊन तिथेच थांबले होते. 

"बाय," ते म्हणाले, "तुजा तो कॉम्पुटर कदी चुकते का गो?"

मला कळलं ते काय विचारतायत. अगदी पूर्ण कळलं. पुढे रांग संपत आली होती. हो म्हटलं असतं — नुसतं हो, बाकी काही सांगितलं नसतं — तरी ते चालत गेले असते. 

कोणी म्हणेल, बाई, तू दयेपोटी "नाही" म्हणालीस. आपण दोस्ताला उगाच तोडलं, हे या वयात त्यांना कळू नये म्हणून म्हणालीस. तसं नाही. मी त्यांचा विचार केलाच नाही. मी माझाच विचार केला, आणि त्यांच्याच बोलीत म्हटलं, "न्हाय, काका."

त्यांनी मान हलवली. मूठ तिथेच उघडली, फाटकाशी. हात पँटला पुसला आणि घराच्या दिशेने चालायला लागले. 

परतीच्या रिक्षात आई म्हणाली, "पास्कूभाऊ काय विचारत होते गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "माझं काम कसं चाललंय ते विचारत होते. चांगलं चाललंय म्हटलं."